ते तपासणीचं टेबल परत आणा

ठाणे-बेलापूर पट्ट्यात गरोदर बायकांना तपासणारे डॉक्टर, सिस्टर आणि दवाखाने चालवणारे अधिकारी यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात शेजारच्या चाळीतल्या एका मुलीला घेऊन मी दवाखान्यात गेले होते. तिला पाचवा महिना. दहा-बारा दिवस अंगावरून पांढरं पाणी जात होतं, खाज होती, लघवीला बसलं की आग होत होती. नवरा रबाळ्याला पाळीत कामाला, सासू गावी, म्हणून सोबतीला मी. केसपेपर काढला, दीड तास बाकावर बसलो. नंबर लागला तेव्हा तिने डॉक्टरांच्या टेबलाशी उभं राहून, मान खाली घालून, कसंबसं सांगितलं. तिच्या पाठीला पाठ लावून रांगेतल्या चार बायका उभ्या होत्या आणि त्यातल्या एकीचा नवराही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून पुढे सरकवली. मी म्हटलं, "एकदा आतून बघता का?" तेव्हा कळलं की तपासणीची खोलीच आता राहिलेली नाही. तिथे औषधांचे खोके रचलेत. टेबल आणि पडदा हलवलाय. दारावर कागद आहे: अशा तक्रारींसाठी गरोदर महिलांनी मोठ्या रुग्णालयात जावे.

त्या दवाखान्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की बाकीच्यांना वाटेल, हे आपल्याबद्दल नाही. माझ्या लेकीच्या वेळी दवाखाना वेगळा होता. तिथे टेबल होतं, पडदाही होता, तरी तिला त्या टेबलावर झोप असं कुणी एकदाही म्हणालं नाही.

मी कोण, ते सांगते. मी कळव्याला राहते. सत्तावीस वर्षं ठाण्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम केलं. बायकांच्या स्रावाच्या स्लाइड्स मी किती वाचल्या याची मोजदाद नाही. आणि तरीही दोन वर्षांपूर्वी माझी लेक गरोदर असताना, पाचव्या महिन्यात, घणसोलीहून फोन करून मला म्हणाली, "आई, कपडे बदलले तरी वास येतो गं, माशासारखा. लोकलमध्ये कुणाशेजारी बसायला लाज वाटते." तेव्हा मी तिला म्हटलं, "दिवस गेल्यावर जातंच पांढरं. सुती कपडे वापर." हे वाक्य मी कधी विसरणार नाही. माशासारखा वास म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण ती लेक होती, मी आई होते, आणि आमच्या घरात या गोष्टी तेवढ्यावरच मिटवायच्या असतात. म्हणून हे पत्र लिहिताना मी स्वतःला वगळलेलं नाही.

तिने दवाखान्यातही सांगितलं होतं. तीन वेळा. पहिल्यांदा उत्तर मिळालं, "होतंच असं." दुसऱ्यांदा टॉनिक मिळालं. तिसऱ्यांदा, "स्वच्छता ठेवत जा." महाप्याला दिवसभर उभ्याने पॅकिंगचं काम करून आलेल्या, दोन वेळा आंघोळ करणाऱ्या मुलीला हे वाक्य कसं लागलं असेल, याचा विचार करा. ती घरी येऊन आतून साबणाने धुवायला लागली. त्याने उलट बिघडतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

एकतिसाव्या आठवड्यात एका पहाटे तिचं अंथरूण भिजलं. तिला वाटलं लघवी झाली. सकाळी दवाखान्यात फोन केला, तर उत्तर आलं, "पांढरं पाणी असेल, पुढच्या तपासणीला दाखवा." दुपारपर्यंत तिने चार पॅड बदलले. मग मला फोन. मी ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून घणसोलीला पोहोचले, पॅड हातात घेतला आणि कळलं. हे लघवीचं नव्हतं, पांढरंही नव्हतं. रिक्षाने तिला मोठ्या रुग्णालयात नेईपर्यंत पाणी जायला लागून चौदा तास झाले होते. तिथल्या डॉक्टरांनी खूप केलं. बाळाच्या फुप्फुसांसाठी स्टिरॉइडची इंजेक्शनं, अँटिबायोटिक, रात्रभर बाळाच्या ठोक्यांवर लक्ष. तिसऱ्या दिवशी नातू आला. वजन १,५८० ग्रॅम. सव्वीस दिवस पेटीत होता. आज तो धावतो, कपाटं उघडतो, आणि मी रोज देवापुढे हात जोडते.

त्या वेळी घेतलेल्या स्वॅबमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस, म्हणजे योनीतल्या जिवाणूंचा बिघाड, निघाला. त्यामुळेच बाळ लवकर आलं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. तसं कुणालाच म्हणता येत नाही. मुदतपूर्व प्रसूतीची कारणं पुष्कळ असतात. हा संसर्ग असलेल्या बायकांमध्ये पाण्याची पिशवी लवकर फुटण्याचं आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण जास्त दिसतं, आणि औषध दिल्याने ते हमखास टळतं असंही सिद्ध झालेलं नाही. पण माझ्या लेकीला तीन महिने वास, लाज आणि खोटं उत्तर मिळालं, आणि पाणी जात असताना घरी थांबायला सांगितलं गेलं. या दोन्ही गोष्टी टाळणं शक्य होतं, एवढं मी छातीठोकपणे म्हणते.

आता माझ्या तक्रारी.

पहिली, तुम्ही विचारत नाही. वजन होतं, बीपी होतं, हिमोग्लोबिन, लघवी, एचआयव्ही, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची रक्ततपासणी), सोनोग्राफी, सगळ्याची माता-बाल कार्डावर नोंद होते. मग शेवटी विचारता, "अजून काही त्रास?" आणि बाई म्हणते, "नाही." ती खोटं बोलत नाही. तिच्या डोक्यात अंगावरून जाणं हा त्रास नसतोच. ती एक तर लाज असते, नाही तर अशक्तपणा असतो. तिला घरी सांगितलेलं असतं की उष्णता वाढली, की शक्ती पाझरून जाते, की बाहेरचं खाल्लंस. तिला नेमकं विचारावं लागतं: अंगावरून जातं का? किती? कपडा भिजतो का? रंग कसा? वास येतो का? खाज आहे का? नवऱ्याजवळ गेल्यावर दुखतं का? हे सहा-सात प्रश्न पडद्याआड, तिच्या सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवून विचारले तर दोन मिनिटं लागतात.

दुसरी तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: न बघता औषध. इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे माझं काम आहे.

गरोदरपणात पांढरं जास्त जातं हे खरं आहे. इस्ट्रोजेन वाढतं, तिकडचा रक्तपुरवठा वाढतो, म्हणून पातळ, दुधासारखं, जवळजवळ वास नसलेलं पाणी जातं. त्याला औषध लागत नाही. बाईला धीर द्यायचा आणि घरी पाठवायचं. पण दह्याच्या चोथ्यासारखं घट्ट आणि प्रचंड खाज असेल, तर बहुतेक बुरशी, म्हणजे कँडिडा. गरोदरपणात ती सहज वाढते. (वारंवार होत असेल तर साखर बघा, हे तुम्हाला मी सांगायला नको.) राखाडी, पातळ आणि माशासारखा वास असेल, तर व्हजायनोसिस. त्यात आतले चांगले जिवाणू, लॅक्टोबॅसिलाय, कमी होतात, आम्लता उतरते आणि दुसरेच जिवाणू माजतात. पिवळं-हिरवट, फेसाळ असेल तर ट्रायकोमोनास नावाचा जंतू, तो शरीरसंबंधांतून येतो. तिन्हींची औषधं वेगळी. आणि पुस्तकात लिहिल्यासारखं चित्र प्रत्येक बाईत दिसत नाही. नुसतं ऐकून अंदाज बांधला की तो कितीदा चुकतो, हे मी सत्तावीस वर्षं चिठ्ठी आणि स्लाइड शेजारी शेजारी ठेवून पाहिलंय.

मग लागतं काय? एक स्पेक्युलम, म्हणजे आतून बघायचं साधन. आम्लता दाखवणाऱ्या पीएच पट्टीचा एक तुकडा: ४.५ च्या खाली असेल तर एक दिशा, वर असेल तर दुसरी. सलाइनचा एक थेंब, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब, दोन कव्हरस्लिप आणि साधा मायक्रोस्कोप. त्या दुसऱ्या थेंबाने माशाचा वास उसळला की व्हजायनोसिसची एक खूण मिळते. स्लाइडवर पेशींच्या कडा जिवाणूंनी माखून धूसर दिसल्या की दुसरी. १९८३ मध्ये संशोधक अ‍ॅम्सेल यांनी अशा चार खुणा मांडल्या. चारांपैकी तीन जमल्या की निदान. बुरशीचे धागे त्याच स्लाइडवर दिसतात. ट्रायकोमोनास तर जिवंत हलताना दिसतो, पण नमुना ताजा असेल तरच. थंड झाला की तो थांबतो आणि मग पांढऱ्या पेशींच्या गर्दीत ओळखू येत नाही. म्हणून "मोठ्या रुग्णालयात जा" किंवा "नमुना लॅबला पाठवू" याचा अर्थ पुष्कळदा "तो सापडणार नाही" असाच होतो. हे दहा मिनिटांचं, काही रुपयांचं काम आहे आणि ते बाईच्या शेजारच्याच खोलीत व्हायला हवं.

चाळीतल्या त्या मुलीचं पुढे काय झालं, ते तिच्या परवानगीने लिहिते. पहिल्या चिठ्ठीवर फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची, म्हणजे बुरशीवरची, पोटात घ्यायची गोळी होती, जी गरोदर बाईला द्यायची नसते. मी परत आत गेले. डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, "मावशी, चुकलं. सकाळपासून ऐंशी पेशंट बघितले." त्यांनी बुरशीवरच्याच, पण आत ठेवायच्या क्लोट्रिमाझोलच्या गोळ्या लिहून दिल्या. मला त्यांचा राग आला नाही. ऐंशी बायका एका माणसाने बघायच्या, ही त्यांची चूक नाही. सात रात्री तिने गोळ्या ठेवल्या. आग तशीच. मग आम्ही ठाण्यात एका खाजगी डॉक्टरबाईंकडे गेलो. ६०० रुपये फी, जी तिच्या घरात जड होती. बाईंनी तिला टेबलावर घेतलं, नमुना काढला, आणि लॅब त्याच जिन्यावर असल्यामुळे पाच मिनिटांत तो माझ्या डोळ्यांखाली होता. पेअर फळाच्या आकाराचे, शेपट्या झटकत फिरणारे. ट्रायकोमोनास. बुरशी नव्हतीच. सात रात्रींच्या त्या गोळ्यांचा काही उपयोग होणार नव्हता.

तिसरी तक्रार औषधांचीच. सरकारच्या लैंगिक आजारांच्या कार्यक्रमात रंगांप्रमाणे किट असतात. योनीमार्गाच्या संसर्गाच्या हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल आणि फ्लुकोनाझोल असतं. त्याच कार्यक्रमाच्या सूचनांमध्ये गरोदर बाईला फ्लुकोनाझोल पोटातून देऊ नये, बुरशीवर फक्त आत ठेवायचं औषध द्यावं, असं स्वच्छ लिहिलेलं आहे. डेन्मार्कमधल्या नोंदींवरून २०१६ मध्ये आलेल्या अभ्यासात पोटातून घेतलेल्या फ्लुकोनाझोलचा गर्भपाताशी संबंध दिसला होता. तरी मेडिकलवाला "अंगावरून जातंय" एवढं ऐकून फ्लुकोनाझोल असलेलं तीन औषधांचं एकत्र पाकीट काढून देतो, दिवस आहेत का हे न विचारता. तुम्ही तपासलं असतं तर ती मेडिकलमध्ये गेलीच नसती. आणि याच्या उलटही होतं. व्हजायनोसिस आणि ट्रायकोमोनासवरचं मेट्रोनिडाझोल डॉक्टरांच्या सल्ल्याने गरोदरपणात देता येतं, पण तोंड कडू पडतं, मळमळतं, आणि "पोटात बाळ असताना एवढ्या गोळ्या?" असं घरातलं कुणी म्हणालं की बाई तिसऱ्या दिवशी ते सोडते. तिला दोन वाक्यं समजावून सांगायला कुणाकडे वेळ नसतो.

चौथी, नवऱ्याचं काय? ट्रायकोमोनास असेल तर दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायला हवं, नाही तर तो परत येतो. पुरुषाला बहुतेकदा काहीच होत नाही, म्हणून तो म्हणतो, "मला काय झालंय?" चाळीतल्या मुलीच्या नवऱ्याला मी आणि डॉक्टरबाईंनी समोर बसवून समजावलं. हा जंतू कित्येक महिने गुपचूप राहू शकतो, कोणाकडून कोणाला हे शोधत बसू नका, दोघे औषध घ्या आणि तोपर्यंत लांब राहा. त्याने घेतलं. पण हे समजावणं शेजारच्या मावशीवर का अवलंबून असावं? चुकीच्या शब्दांत हेच सांगितलं असतं तर त्या घरात काय झालं असतं, तुम्ही जाणता.

पाचवी, पाण्याची. गरोदर बाईने "पाणी जातंय" म्हटलं की ती लघवी किंवा पांढरं आहे असं फोनवर ठरवू नका. सदतीस आठवड्यांआधी पिशवी फुटली तर प्रत्येक तासाला संसर्गाचा धोका वाढतो, आणि बाळाच्या फुप्फुसांची इंजेक्शनं वेळेत मिळणं हेच पुढचं सगळं ठरवतं. एका वेळी भसकन जाईल असंही नाही. थेंब थेंबही जातं. लिटमस कागद निळा झाला म्हणून लगेच पिशवी फुटली असा निष्कर्ष काढू नये, कारण रक्तानेही तो निळा होतो आणि व्हजायनोसिसनेही. पण बघावं तर लागतं.

मी प्रत्येक गरोदर बाईचा स्वॅब घ्या असं म्हणत नाही. तक्रार नसलेल्या, एरवी धोका नसलेल्या सगळ्या बायकांची अशी तपासणी करून फायदा होतो असं दिसलेलं नाही. माझं म्हणणं जिला त्रास आहे तिच्यापुरतं आहे. पैसे नाहीत, हेही मी ऐकणार नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सरकारी ठिकाणी गरोदर बाईच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस आहे. त्या दिवशी डॉक्टर येतात, बायका येतात. फक्त टेबल, पडदा आणि मायक्रोस्कोप नसतो.

म्हणून माझ्या मागण्या.

ज्या ज्या ठिकाणी गरोदर बायकांची नोंदणी होते तिथे एक खोली, एक तपासणीचं टेबल, पडदा, उकळलेली स्पेक्युलम आणि हातमोजे असलेच पाहिजेत. जिथून हलवले आहेत तिथे परत आणा आणि दारावरचा तो कागद काढा. मोठ्या रुग्णालयात पाठवायचंच असेल तर चिठ्ठीवर वार, वेळ आणि कुणाला भेटायचं ते लिहा, आणि ती पोहोचली का हे आशाताईंकडून विचारून घ्या.

पीएच पट्ट्या आणि चालू स्थितीतला मायक्रोस्कोप ठेवा. निदान ९ तारखेला स्लाइड वाचणारं माणूस तिथे हवं.

प्रत्येक भेटीत अंगावरून जाण्याचा प्रश्न विचारा आणि उत्तर कार्डावर लिहा. एकट्यात विचारा.

गरोदर बाईच्या हातात फ्लुकोनाझोलची गोळी जाता कामा नये. औषधाच्या खिडकीवर बसणाऱ्यालाही हे माहीत असू द्या. परिसरातल्या मेडिकलवाल्यांना बोलावून सांगा, लेखी सांगा.

नवऱ्याला औषध द्यायची वेळ आली तर त्याला बोलावणं, समजावणं आणि औषध देणं ही दवाखान्याची जबाबदारी. तिने घरी जाऊन सांगावं, ही अपेक्षा सोडा.

नोंदणीच्या दिवशीच प्रत्येकीला एक कागद द्या, मराठीत आणि हिंदीत, कारण या पट्ट्यात कामाला आलेल्या पुष्कळ बायकांना मराठी वाचता येत नाही. त्यावर मोठ्या अक्षरात लिहा: पाण्यासारखं जायला लागलं, हिरवट पाणी गेलं, रक्त गेलं, वासाबरोबर ताप आला किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, लगेच या. खाली रात्री उचलला जाणारा फोन नंबर. आणि तो फोन उचलणाऱ्याला, "पांढरं असेल" असं म्हणायची परवानगी नको.

"स्वच्छता ठेवत जा" हे वाक्य या तक्रारीवरचं उत्तर म्हणून बंद करा. त्याऐवजी सांगा की आतून साबण, जंतुनाशक, सुगंधी पाणी काही वापरू नका, बाहेरून साधं पाणी पुरे.

मी या वर्षी निवृत्त झाले. माझा मायक्रोस्कोप घरी आहे, लेन्स स्वच्छ आहेत. ताजी स्लाइड कशी वाचायची हे तुमच्या टेक्निशियनना आणि सिस्टरना मी शिकवीन. त्याचे पैसे नकोत. दिघा, रबाळे, तुर्भे, कुठेही बोलवा, येईन. पुढच्या महिन्याची ९ तारीख मी मोकळी ठेवली आहे.

आपली,
एक लॅब टेक्निशियन आणि आजी
कळवा, ठाणे